कोलारची खाण : सोने संपले म्हणून स्मृतीही लिलावात काढायची?

२८ फेब्रुवारी हा दिवस देशभर राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. १९२८ साली याच दिवशी रामन परिणामाचा शोध लागला, हे शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. त्याच तारखेची दुसरी नोंद मात्र कोणत्याही फलकावर लिहिली जात नाही. २८ फेब्रुवारी २००१ रोजी कर्नाटकातील कोलार गोल्ड फील्ड्स या खाणी बंद करण्यात आल्या. त्या दिवशी एक तोट्यातला सरकारी उद्योग संपला, असे वर्तमानपत्रांनी लिहिले. परंतु त्या जमिनीखाली, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, भारतीय भौतिकशास्त्राच्या इतिहासातील एक अत्यंत मोलाची जागाही त्याच दिवशी अंधारात गेली, याची दखल फारशी कोणी घेतली नाही. उपसा थांबला, पाणी चढत गेले आणि विश्वकिरणांतून जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा जगात सर्वप्रथम ज्या दोन ठिकाणी टिपल्या गेल्या, त्यांपैकी एक ठिकाण बुडाले.

आज के.जी.एफ. ही तीन अक्षरे उच्चारली की विद्यार्थ्यांना आठवतो तो २०१८ साली आलेला कन्नड चित्रपट. त्यात चित्रपटाचा दोष नाही. आपल्या आख्यायिका जतन करण्याचे काम चित्रपटसृष्टीने केले. आपला इतिहास जतन करण्याचे काम विज्ञानसंस्थांचे आणि सरकारचे होते, ते झाले नाही. आता तर वेळ आणखी हातघाईची आहे. शतकभराच्या खाणकामातून साचलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांत अजून थोडे सोने उरले आहे, म्हणून ते पुन्हा उपसण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटक मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली. सोन्याचा भाव चढलेला असताना त्यात आश्चर्य नाही. प्रश्न एवढाच आहे, की या व्यवहाराच्या कागदांत विज्ञानाच्या वारशासाठी एखादा परिच्छेद असणार आहे की नाही. तो असलाच पाहिजे आणि कोलारच्या जमिनीवर खाणीचे व तिच्यातील विज्ञानाचे संग्रहालय उभे राहिलेच पाहिजे, अशी मागणी करण्याची हीच वेळ आहे.

त्या खोलीवर काय घडले

मागणी करण्यापूर्वी तेथे नेमके काय घडले ते समजून घेणे आवश्यक आहे. कारण ‘तेथे कसलेसे प्रयोग झाले होते’ एवढ्या मोघम आठवणीवर कोणतीही वास्तू वाचत नाही.

आकाशातून पृथ्वीवर अखंड विश्वकिरण येत असतात. वातावरणावर आदळून त्यांच्यापासून जे कण निर्माण होतात त्यांत म्यूऑन हे प्रमुख. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून दर मिनिटाला साधारण एक म्यूऑन जातो. म्हणजे हे वाचणाऱ्याच्या तळहातातून एवढ्या अवधीत शेकडो म्यूऑन पार झालेले असतात. हे कण भेदक असतात, तरी खडकातून जाताना त्यांची ऊर्जा संपत जाते. किती खोलीवर किती म्यूऑन उरतात हे मोजले, तर मूळ कणांच्या ऊर्जेविषयी कळते. त्यासाठी खोल खाण हवी, आणि भारतात तशी एक खाण होती. १९५१ साली होमी भाभा यांनी बी. व्ही. श्रीकंतन या तरुण संशोधकाला कोलारला धाडले ते याच कामासाठी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्थापना होऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती आणि कुलाब्यातील तिची आजची इमारतही उभी राहायची होती.

पुढील दशकात मोजमापे अधिकाधिक खोल गेली. एस. मियाके, व्ही. एस. नरसिंहम आणि पी. व्ही. रमण मूर्ती यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास खोलीपर्यंत उपकरणे नेली. सर्वांत खालच्या पातळीवर यंत्र अनेक आठवडे चालू राहिले आणि एकही म्यूऑन नोंदला गेला नाही.

हाताला काहीच न लागणे, ही प्रयोगशाळेत सहसा निराशेची बातमी असते. येथे ती सर्वांत मोठी संधी ठरली. वातावरणात म्यूऑनबरोबरच न्यूट्रिनोही निर्माण होतात. न्यूट्रिनो सबंध पृथ्वी आरपार ओलांडतो, कशालाही क्वचितच धडकतो. म्हणूनच त्याला पकडणे कठीण. मात्र एखादा न्यूट्रिनो खडकातल्या अणुकेंद्रकाला धडकलाच, तर तेथे नवा म्यूऑन जन्मतो. पृष्ठभागाजवळ असा एखादा म्यूऑन वरून येणाऱ्या असंख्य म्यूऑनच्या गर्दीत हरवून जाईल. २.३ किलोमीटर खोलीवर ही गर्दी कित्येक कोटी पटींनी ओसरलेली असते. त्यातून उरलेले म्यूऑन जवळजवळ सरळ वरूनच येतात. कारण तिरप्या दिशेने यायचे तर खडकाची वाट फार लांब पडते. तेव्हा अशा खोलीवर आडव्या दिशेने जाणारा म्यूऑन दिसला, तर तो आकाशातून आलेला असणे शक्य नाही. तो आसपासच्या खडकात न्यूट्रिनोने जन्माला घातलेला आहे. युक्तिवाद इतका सरळ आहे, की अकरावीच्या विद्यार्थ्यालाही तो कागदावर मांडून दाखवता येतो. कोलारचा खडक या कामी विशेष सोयीचा होता. त्याची घनता पाण्याच्या सुमारे तिप्पट, म्हणजे सर्वसाधारण खडकाहून अधिक. त्यामुळे तेथील २.३ किलोमीटरचे आच्छादन सुमारे ७००० मीटर पाण्याच्या बरोबरीचे होते.

टाटा संस्था, जपानमधील ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून चॅम्पियन रीफ खाणीत हा प्रयोग मांडला. भारतीय गटात एम. जी. के. मेनन, श्रीकंतन, नरसिंहम, रमण मूर्ती आणि सी. व्ही. आचार, डरहॅमकडून आर्नल्ड वुल्फेन्डेल आणि सहकारी, ओसाकाकडून मियाके आणि हिनोतानी. प्लॅस्टिक सिंटिलेटरच्या समोरासमोर उभ्या भिंती, मध्ये शिसे आणि निऑन फ्लॅश ट्यूबच्या रांगा, असे ते यंत्र होते. १९६५ साली त्यात न्यूट्रिनोजन्य म्यूऑनच्या खुणा उमटल्या. त्याच वर्षी फ्रेडरिक राइन्स यांच्या गटाने दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीत तोच परिणाम नोंदवला. प्रत्यक्ष नोंद आफ्रिकेत आधी झाली. शोधनिबंध कोलारचा आधी, ऑगस्ट १९६५ च्या मध्यास, प्रसिद्ध झाला. कोण पहिले हा वाद घालण्याचे येथे प्रयोजन नाही. नैसर्गिक न्यूट्रिनोंच्या अभ्यासाचे दार ज्या दोन खाणींत उघडले त्यांतली एक भारतात होती, एवढे पुरेसे आहे.

गोष्ट तेथे संपत नाही. १९८० साली त्याच खाणीत १४० टनांचे, लोखंडी पत्रे आणि प्रपोर्शनल काउंटर यांच्या थरांचे यंत्र उभे राहिले. प्रोटॉन हा कण चिरंतन आहे की कधीतरी तोही विघटित होतो, हा प्रश्न त्या यंत्राने विचारला. अशा हेतूने बांधलेल्या जगातील पहिल्या मोठ्या यंत्रांपैकी ते होते. त्यात काही संशयित घटना दिसल्या, त्या प्रसिद्ध झाल्या, जगभर चर्चा झाली. पुढे अमेरिका आणि जपानमधील कितीतरी मोठ्या यंत्रांना प्रोटॉनचे विघटन आढळले नाही. कोलारचा तो दावा टिकला नाही. संग्रहालयात ही कथाही तितक्याच ठळकपणे असली पाहिजे. विज्ञान कसे पुढे सरकते, निष्कर्ष कसा मांडला जातो आणि अधिक चांगल्या पुराव्यापुढे कसा मागे घेतला जातो, हे शिकवण्यास याहून योग्य उदाहरण घरच्या अंगणात दुसरे नाही.

‘खाण तर बुडाली, दाखवणार काय?’

संग्रहालयाविरुद्धचा पहिला आक्षेप व्यावहारिक आहे. प्रयोग झाला ती पोकळी पाण्याखाली आहे. खडकाचा ताण, जुने शाफ्ट, विषारी वायू यांमुळे तेथे उतरणे धोक्याचे आहे. हे सर्व खरे आहे, आणि २.३ किलोमीटर खोलीवर पर्यटकांना न्यावे अशी मागणी कोणी शहाणा माणूस करणार नाही. कोलारच्या सर्वांत खोल भागांत खडकाचे तापमान ६० अंशांच्या वर जात असे आणि दाबाखालील खडक अचानक फुटण्याच्या घटनांत कामगारांचे प्राण जात असत. तेथे उतरणे हा कधीच सहलीचा विषय नव्हता.

परंतु जतन करण्याजोगे बरेच काही जमिनीच्या वर आहे. शाफ्टवरचे लोखंडी मनोरे आहेत, पिंजरे वरखाली करणाऱ्या यंत्रांच्या इमारती आहेत, कार्यशाळा, कार्यालये, वसाहती, रुग्णालय आणि दफनभूमी आहे. जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने १८८० च्या दशकात येथे आधुनिक खाणकाम सुरू केले. १९०२ साली कावेरीवरील शिवनसमुद्र येथून सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या तारांवरून येथे वीज आणली गेली. त्या काळी एवढ्या अंतरावर वीज वाहून नेणे हे जगातही नवलाचे होते. भारतातील विद्युतीकरणाचा, खनिकर्म अभियांत्रिकीचा, खडकयांत्रिकीचा आणि कणभौतिकीचा इतिहास काही किलोमीटरांच्या परिसरात एकत्र सापडावा, अशी दुसरी जागा देशात नाही. ज्या मनोऱ्याखालून शास्त्रज्ञ आणि कामगार एकाच पिंजऱ्यातून खाली जात, त्या मनोऱ्याजवळ उभे राहून विद्यार्थ्याला जे उमगेल ते दिल्लीतल्या किंवा बंगळुरूतल्या वातानुकूलित दालनातील प्रतिकृतीसमोर उमगणार नाही.

शिवाय विश्वकिरणांचे संग्रहालय हे मृत वस्तूंचे प्रदर्शन असण्याचे कारणच नाही. एक लहानसा सिंटिलेटर, एक प्रकाशगुणक आणि एक आकडा दाखवणारा फलक एवढ्यावर म्यूऑन मोजता येतात. असे एक यंत्र जमिनीवर आणि एक सुरक्षित केलेल्या उथळ बोगद्यात ठेवले, की येणाऱ्या प्रत्येक मुलाला दोन आकड्यांतील फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. १९५१ साली श्रीकंतन ज्या प्रयोगासाठी कोलारला आले, त्याचे तत्त्व याच फरकात आहे. ज्या संग्रहालयात मूळ प्रयोग रोज नव्याने करून दाखवता येतो, अशी भाग्याची संग्रहालये जगात थोडीच.

‘संशोधनालाच पैसा नाही, तेथे संग्रहालय कसले?’

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांच्याच वर्तुळातून येतो आणि म्हणूनच त्याला अधिक गांभीर्याने उत्तर दिले पाहिजे. शिष्यवृत्त्या महिनोन् महिने रखडतात, अनुदाने कापली जातात. अशा वेळी जुन्या इमारतींवर खर्च का?

या आक्षेपाच्या मुळाशी असा समज आहे, की स्मृती आणि संशोधन एकाच ताटातले घास आहेत, एकाने खाल्ले की दुसऱ्याला उरत नाही. अमेरिकेतील होमस्टेक खाणीचा अनुभव नेमका उलट आहे. दक्षिण डकोटातील ही सोन्याची खाण. रेमंड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात तेथे सूर्यापासून येणारे न्यूट्रिनो मोजण्यास आरंभ केला आणि त्या कार्यासाठी २००२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. खाण बंद झाली तीही २००२ मध्येच, म्हणजे कोलारनंतर जेमतेम वर्षभराने. तेथेही पंप थांबवले गेले, तेथेही पाणी चढू लागले. फरक पुढे पडला. या जागेत विज्ञानाचा इतिहास घडला आहे आणि विज्ञानाचे भविष्यही घडू शकते, असे शास्त्रज्ञांनी आणि त्या राज्याने लावून धरले. खाणकंपनीने खाण राज्याला दिली, एका दात्याने ७ कोटी डॉलर दिले, पाणी पुन्हा उपसले गेले. आज तेथे सॅनफर्ड भूगर्भ संशोधन केंद्र आहे, गावात अभ्यागत केंद्र आहे आणि शेकडो किलोमीटर दूरच्या फर्मिलॅबमधून पाठवले जाणारे न्यूट्रिनो टिपणारा अवाढव्य प्रयोग तेथे आकार घेत आहे. जपानमधील कामिओका खाणीचीही हीच कथा : प्रोटॉनचे विघटन शोधण्यासाठी मांडलेल्या यंत्राने १९८७ साली अतिनवताऱ्याचे न्यूट्रिनो टिपले, त्याच्या थोरल्या भावंडाने १९९८ साली न्यूट्रिनोंचे दोलन सिद्ध केले आणि त्या डोंगराळ गावात आज लोकांसाठी विज्ञानसंग्रहालयही आहे. जागेची स्मृती जिवंत राहिली तेथे संशोधनालाही जागा मिळाली.

आपल्याकडे स्मृती नसल्याची किंमत काय पडली, तेही पाहावे. कोलारच्या परंपरेतूनच भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेची कल्पना निघाली : पन्नास हजार टन चुंबकित लोखंडाचे यंत्र, तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात डोंगराच्या पोटात. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १५०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मान्यता दिली. तो अडकला. पश्चिम घाटाच्या संवेदनशील परिसराविषयी, बोगद्याविषयी, पाण्याविषयी विचारले गेलेले प्रश्न रास्त होते आणि त्यांना उत्तरे देणे शास्त्रज्ञांचे कर्तव्यच होते. पण त्याबरोबर न्यूट्रिनो म्हणजे किरणोत्सर्गी विष, अशी भीतीही पसरली. थेनीहून काही तासांच्या अंतरावर असा एखादा दिवाणखाना असता, जेथे शेतकऱ्याला आणि शिक्षकाला दिसले असते की याच कणाचा अभ्यास शेजारच्या राज्यात, हजारो कामगारांच्या सोबतीने, वर्षानुवर्षे चालला होता. तो कण प्रत्येकाच्या अंगातून प्रत्येक क्षणी तसाही जातच असतो, तर संवाद निदान भीतीपासून सुरू झाला नसता. प्रकल्प वाचलाच असता असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. लोकांना दाखवण्यासारखे काहीही हाती नसताना विज्ञानाने लोकांकडे विश्वास मागितला, एवढे मात्र निश्चित. संग्रहालयावरचा खर्च हा त्या विश्वासावरचा खर्च आहे.

‘लोकांना रोजगार हवा, काचेची कपाटे नकोत’

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. खाण बंद झाली तेव्हा हजारो कुटुंबांचे जगणे मोडले. आजही कोलारमधून रोज पहाटेच्या गाड्यांनी माणसे कामासाठी बंगळुरूला जातात आणि रात्री परततात. अशा गावात न्यूट्रिनोची कौतुके सांगणे ही क्रूर थट्टा नव्हे काय?

न्यूट्रिनोचे संग्रहालय कामगारांना वगळून उभे राहिले, तर ती थट्टाच ठरेल. त्या खाणीत पिढ्यान्पिढ्या उतरलेले बहुसंख्य लोक तमिळभाषक आणि त्यांतही मोठ्या संख्येने दलित होते. युरोपीय अधिकाऱ्यांचे बंगले टेकडीवर आणि कामगारांच्या चाळी खाली, अशी ती वसाहत होती. १२० वर्षांत सुमारे ८०० टन सोने ज्यांनी काढले, त्यांच्या वाट्याला फुप्फुसांत सिलिकाची धूळ आली. शास्त्रज्ञांचे यंत्र खाली नेणारे, पोकळी खोदणारे, पाणी आणि हवा खेळती ठेवणारे हात त्यांचेच होते. शोधनिबंधाच्या शीर्षस्थानी अकरा नावे आहेत. ज्यांच्यावाचून तो प्रयोग एक दिवसही चालला नसता त्यांची नावे कोठेही नाहीत. संग्रहालयाचे पहिले काम ही नावे गोळा करणे हेच असावे. ज्यांना त्या पिंजऱ्यातून उतरल्याचे आठवते अशी माणसे वृद्ध झाली आहेत. इमारत आणखी दहा वर्षे कशीबशी तग धरेल. त्यांच्या आठवणींना तेवढा अवधी नाही.

रोजगाराचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडावा. संग्रहालय हजारो नोकऱ्या देणार नाही. ढिगाऱ्यांच्या पुनर्खाणकामातून काही वर्षे रोजगार मिळेल, आणि तो स्थानिकांना मिळालाच पाहिजे. शिवाय सायनाइड प्रक्रियेतून उरलेल्या त्या मातीची धूळ वाऱ्यासरशी घराघरांत शिरते. ती शास्त्रशुद्धपणे हटत असेल तर स्वागतच आहे. परंतु ढिगारे उपसून संपतील, कंत्राटदार निघून जाईल, आणि तेव्हा गावाजवळ स्वतःचे म्हणावे असे काय उरेल? बंगळुरूपासून शंभरेक किलोमीटरवर, रेल्वेने जोडलेले, दक्षिण भारतातील शाळा-महाविद्यालयांना एका दिवसात पाहून परतता येईल असे ते स्थळ आहे. पुनर्खाणकाम आणि जतन यांत विरोध नाही. विरोध आहे तो, जतनाची अट न घालता केलेल्या पुनर्खाणकामाशी. एकदा मनोरे भंगारात गेले, की कोणताही महसूल ते परत उभे करू शकणार नाही.

कायद्याची फट आणि दोन उदाहरणे

कोणी म्हणेल, वारसा जपण्यासाठी कायदा आहेच. १९५८ चा प्राचीन स्मारक कायदा किमान शंभर वर्षे जुन्या वास्तूंना संरक्षण देतो. त्या हिशेबाने १९६५ च्या प्रयोगाशी निगडित वास्तूंना २०६५ पर्यंत थांबावे लागेल. विसाव्या शतकातले भारतीय विज्ञान जवळजवळ सगळेच या फटीतून खाली पडते. गंमत अशी, की कोलारच्याच पट्ट्यात पेद्दपल्ली येथील ज्वालामुखीजन्य खडकांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान मिळालेला आहे. अब्जावधी वर्षे जुन्या खडकाचे मोल शासनाला कळले, ते योग्यच झाले. त्या खडकाचा ढालीसारखा उपयोग करून माणसांनी जे शोधले त्याचे मोल अजून कळायचे आहे.

इच्छा असेल तर मार्ग निघतो, याचे उदाहरण थुंबा. केरळच्या किनाऱ्यावरील सेंट मेरी मॅग्डालीन चर्चमध्ये भारतीय अग्निबाण कार्यक्रमाचे पहिले कार्यालय थाटले गेले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. ते चर्च आज अवकाशसंग्रहालय आहे. तेथे उभे राहिलेल्या विद्यार्थ्याला भारतीय अवकाशविज्ञान कोठून कोठे आले हे कोणी भाषण करून सांगावे लागत नाही.

इच्छा नसेल तर काय होते, याचे उदाहरण कोलकात्यातील बोबाजार. रामन यांनी जेथे प्रकाशाचे विकिरण अभ्यासले, ती महेंद्रलाल सरकार यांची संस्था २१० बोबाजार स्ट्रीट या पत्त्यावर होती. संस्था पुढे जादवपूरला गेली. त्या जुन्या पत्त्यावर आज वाणिज्य महाविद्यालय आहे. ज्या शोधासाठी देश दरवर्षी विज्ञान दिन पाळतो, त्याची प्रयोगशाळा त्या जागी विद्यार्थ्याला दाखवता येत नाही. महाराष्ट्रानेही बोट दुसऱ्याकडे दाखवण्याचे कारण नाही. पुण्यात कावसजी नायगामवाला यांनी उभारलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा १९१२ साली बंद झाली आणि तिची २० इंची दुर्बीण कोडईकनालला गेली. त्या वेधशाळेचे नाव तरी आज पुण्यातील किती विज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या कानावर आलेले असते? कोलारच्या यंत्रांमागची संस्था मुंबईची, त्यामुळे हा प्रश्न कर्नाटकापुरता नाही. मराठी विज्ञानवाचकांचाही तो तितकाच आहे.

काय झाले पाहिजे

मागण्या थोड्या आहेत आणि सगळ्या शक्य कोटीतल्या आहेत.

पहिली : पुनर्खाणकामाच्या कोणत्याही करारापूर्वी चॅम्पियन रीफसह प्रमुख शाफ्टचे मनोरे, यंत्रगृहे आणि त्यांभोवतीची जमीन यांची तज्ज्ञांकडून नोंद व्हावी आणि ती जमीन करारातून वगळली जावी. शंभर वर्षांची अट पूर्ण करणाऱ्या खाणीच्या वास्तूंना राज्य किंवा केंद्र सरकारने विनाविलंब संरक्षण द्यावे.

दुसरी : कोलारच्या प्रयोगांशी संबंधित उपकरणांचे उरलेले भाग, नोंदवह्या, छायाचित्रे, आराखडे जेथे कोठे असतील तेथून त्यांची एकत्रित सूची तयार व्हावी. हे काम अणुऊर्जा विभागाचे आणि त्याच्या संस्थांचे आहे; त्याला मोठा निधी लागत नाही, निश्चय लागतो.

तिसरी : निवृत्त कामगार, तंत्रज्ञ आणि शास्त्रज्ञ यांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण तमिळ, कन्नड आणि इंग्रजीत तत्काळ सुरू व्हावे, आणि त्यासाठी स्थानिक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना मानधन द्यावे.

चौथी : राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद, अणुऊर्जा विभाग, राज्य शासन आणि खाणकामगारांचे प्रतिनिधी यांचा संयुक्त न्यास नेमावा, आणि ढिगाऱ्यांतून मिळणाऱ्या महसुलाचा ठरावीक हिस्सा त्याच्या हवाली करावा. ज्या मातीने इतिहास घडवला तिच्याच उत्पन्नातून त्याची निगा राखली जावी, यात अन्याय कोणावरच नाही.

पाचवी मागणी शासनाकडे नाही, विज्ञानजगताकडे आहे. कोलारमधील प्रयोग १९९० च्या दशकाच्या आरंभी आटोपले, यंत्रे हलली, माणसे परतली, आणि मागे काय उरते आहे याची फारशी चौकशी झाली नाही. राज्यकर्त्यांना दोष देणे सोपे असते. पण आपल्या परंपरेविषयी शास्त्रज्ञच बोलणार नसतील, तर लिलावाचा मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्याला ती कळणार तरी कोठून? विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांनी, विज्ञान परिषदांनी आणि विद्यार्थी मंडळांनी या विषयावर ठराव करून कर्नाटक शासनाकडे आणि केंद्रीय खाण मंत्रालयाकडे पाठवणे, हे आज अगदी सहज होण्यासारखे काम आहे.

पुढच्या २८ फेब्रुवारीला शाळाशाळांत भाषणे होतील, रांगोळ्या निघतील, रामन यांच्या छायाचित्राला हार घातला जाईल. त्या दिवशी निदान भौतिकशास्त्राच्या वर्गांत तरी तारखेची दुसरी नोंदही फळ्यावर लिहिली जावी. कोलारच्या पाण्याखाली गेलेली ती पोकळी बहुधा कधीच परत मिळणार नाही. तिच्यावर उभे असलेले लोखंडी मनोरे अजून उभे आहेत.